विनतेला घाई नव्हती

चैत्रातली पहाट खारकोंडच्या मिठागरांवर उतरते तेव्हा आधी रंग येतो, मागून उजेड येतो, आणि सूर्य सगळ्यांच्या शेवटी येतो.

खाडीच्या अंगाला, नजर पोहोचेल तिथवर, मिठाचे वाफे पसरलेले. मातीच्या इवल्या बांधांनी आखलेले, उथळ पाण्याने भरलेले, निर्वात, निस्तरंग, निःशब्द. त्या शेकडो जलदर्पणांत एकाच क्षणी लाली झरते. वर आभाळ एक. खाली आभाळे अगणित. काठाकाठाने रचलेल्या शुभ्र लवणराशी गुलबक्षी होतात, मग केशरी होतात, मग पुन्हा पांढऱ्या. आणि त्या रंगांच्या मागून, वाट चालून दमल्यासारखा, सूर्य वर येतो.

तो रंग सूर्याचा नसतो, असे हरेश्वर म्हात्रे म्हणे. तो त्याच्या सारथ्याचा असतो. अरुणाचा. कमरेखाली अपुऱ्या राहिलेल्या, मांड्यांविना जन्मलेल्या, रथाच्या धुरेवर कायमच्या बसलेल्या त्या विनतापुत्राचा.

म्हणून त्या घटकेला हरेश्वर खिडकीशी असे. बावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, रेखीव कपाळाचा. कमरेच्या वर भरदार वृक्ष, आणि कमरेच्या खाली दोन वाळलेल्या वेली. कुबड्या भिंतीला टेकलेल्या. खारकोंडच्या वाचनालयाचा तो ग्रंथपाल, आणि खारकोंडच्या बाहेर, मराठी कविता जिथे जिथे वाचली जाई तिथे, तो ‘अनूरु’. अनूरु म्हणजे ज्याला मांड्या नाहीत तो. अरुणाचेच हे दुसरे नाव. हरेश्वराने ते आपल्या नावावरून पांघरले होते, थंडीत घोंगडी पांघरावी तसे, आणि पुढे पुढे घोंगडीखाली कोण आहे हे कुणी विचारीनासे झाले.

तोही विचारीनासा झाला.

गोष्ट सगळ्यांच्या कानावरची आहे. कश्यपाच्या दोन भार्या, कद्रू आणि विनता. कद्रूला हवे होते हजार पुत्र, विनतेला दोनच. कद्रूची अंडी उबली आणि हजार सर्प सळसळत बाहेर आले. विनतेची दोन अंडी मात्र पाचशे वर्षे मुकी राहिली. तिचा धीर सुटला. तिने एक अंडे आपल्या हाताने फोडले. आत बाळ होते, कमरेपर्यंत तेजस्वी, कमरेखाली न घडलेले. त्याने डोळे उघडले आणि पहिल्याच श्वासात आईला शाप दिला.

हरेश्वर बारा वर्षांचा असताना केणी गुरुजींनी ही गोष्ट वर्गात सांगितली, आणि तो बाकावर बसल्या बसल्या थरथरला. तोही सातव्या महिन्यात आलेला. तोही वरून पुरा, खालून अपुरा. थोरली बहीण मथुरा त्याला पाठीवर बसवून शाळेत आणत असे. त्या दिवशी घरी जाताना, तिच्या मानेभोवती हात घालून, तो वाटभर एक शब्दही बोलला नाही.

घरी आल्यावर त्याने आईला विचारले, “आये, मी सातव्याच महिन्यात का झालो?”

नामीबाय चुलीपुढे होती. तिने फुंकणी उचलली आणि जाळावर इतका वेळ फुंकर घातली की प्रश्न धुरात विरून गेला. दारात बसलेली चुलतीच हसून म्हणाली, “तुझ्या आयशीला घाई झाली व्हती, दुसरं काय!”

चुलती कशाला हसली, हे त्याने पाहिले नाही. त्याला हवा होता तेवढा शब्द त्याने उचलला. घाई. घाई! मग आपली आई विनताच की. पोराचे तोंड पाहायला ती इतकी आसुसली, इतकी व्याकुळली, की काळ पिकण्याची वाट तिला पाहवली नाही. आपले हे पांगळेपण म्हणजे कुणाच्या तरी अनावर प्रेमाचा घाव आहे. बारा वर्षांच्या त्या पोराने ही समजूत उराशी धरली. आणि ज्याला खेळाच्या मैदानात कुणी घेत नव्हते, तो मुलगा एका क्षणात सूर्यरथावर जाऊन बसला.

दोन कुबड्या लाकडाच्या होत्या. तिसरी पुराणाची. सगळा भार तिसरीवर.

*

तिशीत त्याचा ‘अनूरूचे उच्चार’ हा संग्रह आला. पहिल्या कवितांत शाप होते, जळते, दात विचकलेले. नंतरच्या कवितांत शाप निवत गेले, आणि शेवटच्या कवितेत तर शापाचे स्तोत्र झाले:

‘आई, तुझ्या डोळ्यांना
माझ्या तोंडाची एवढी तहान
की तू काळाचं कवच
नखांनी फोडलंस.
मी अर्धा आलो.
उरलेला अर्धा
तुझ्या वाट पाहण्यात राहिला.’

ही कविता लोकांनी डोक्यावर घेतली. मुली ती वहीत उतरवून घेत, गायक तिला चाल लावत, अपंग लेकरांच्या आया ती देवघरात लावत. बावीस वर्षे हरेश्वर गावोगाव ती म्हणत गेला. आणि ‘मी’ असा शब्द जेव्हा जेव्हा त्याच्या ओठी आला, तेव्हा तेव्हा त्या शब्दाच्या पोटात अरुण बसलेला असे.

नामीबायला मात्र ही कविता ठाऊक नव्हती. तिला अक्षर येत नव्हते. उमेदीची सगळी वर्षे तिने मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या, आणि टाचांच्या भेगांत भरलेले मीठ म्हातारपणीही तिला उभे राहू देत नव्हते. लेक गावोगाव काहीतरी बोलतो, लोक त्याला नारळ देतात, एवढे तिला माहीत. आणि हरेश्वरानेही तिला ती कधी वाचून दाखवली नाही. जिच्यावर लिहिले तिला काय वाचून दाखवायचे, ती तर जाणतेच. असे त्याला वाटे. की त्याच्याही आत, फार खोल, चुलीचा तो धूर अजून कोंडलेला होता?

त्या वर्षी चैत्रात तालुक्याच्या साहित्य मंडळाने माय-लेकांचा एकत्र सत्कार ठरवला. उन्हे कलती झाली होती. मांडवाच्या कनातींतून पिवळा उजेड झिरपत होता. व्यासपीठावर नामीबाय, त्र्याहत्तर वर्षांची, उन्हात सुकवलेल्या आमसुलासारखी आक्रसलेली. तिच्या एका अंगाला मथुरा, दुसऱ्या अंगाला हरेश्वर.

प्राध्यापिका सुनेत्रा वर्दे बोलायला उभ्या राहिल्या. आजच्या भावकवितेत कवी पुराणकथेकडे का जातो, यावर त्या बोलल्या, आणि फार सुंदर बोलल्या. “आपलं दुःख एकट्याचं असतं तोवर ते नुसतं दुखतं,” त्या म्हणाल्या. “कवी त्याला हजारो वर्षांचं एक नाव देतो, आणि मग त्या नावात तो स्वतःला सापडतो. अनूरूंना त्यांचा ‘मी’ असा सापडला. आणि ज्या विनतेला आपण केवळ ग्रंथात वाचलं, ती आज आपल्यासमोर बसली आहे. पुत्रमुख पाहण्याच्या उत्कंठेनं जिनं काळालाही थांबू दिलं नाही, ती ही माउली.”

टाळ्या पडल्या. नामीबायच्या खांद्यांवर मोतिया रंगाची शाल आली.

“काय म्हनते ती बाय?” नामीबायने मथुरेला विचारले.

मथुरेने खाली पाहिले. तिच्या हातातल्या रुमालाला तिने एक पीळ दिला, मग दुसरा. “म्हनते, हरीचं तोंड बघायची तुला लय घाई व्हती.”

नामीबाय थिजली. मांडवात तीनशे माणसे होती, आणि तीनशे माणसांच्या डोळ्यांत तिच्याविषयीची माया होती, आणि त्या मायेच्या एकेका थेंबाने तिला चटका बसत होता. तिने शाल काढली. तिची चौघडी घातली. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ती ठेवली आणि वरून हात फिरवून सारखी केली, दुसऱ्याची वस्तू परत करताना करावी तशी.

लोकांना तो विनय वाटला. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

*

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, ओटीवर सुकट निवडत बसलेली नामीबाय म्हणाली, “ती माझ्यावरची कविता वाच बघू.”

हरेश्वराने वाचली. आवाज थोडा कापला, मग सावरला, मग सवयीने चढला. नामीबायची बोटे चालूच होती. एकेक काडी, एकेक खडा, बाजूला. कविता संपली तरी बोटे थांबली नाहीत.

“मना घाई नव्हती, बाला,” ती म्हणाली.

“मग?”

“मना तू नको व्हतास.”

बाहेर ऊन पांढरेशुभ्र पेटले होते. एक कावळा कौलावर उतरला, पाय भाजल्यासारखा उडाला.

आणि मग, पन्नासाहून जास्त वर्षे दाताखाली धरलेले, तिने एकेक करून खाली ठेवले. नवरा खलाशी, वर्षातून एकदा यायचा, आणि जाताना तिच्या पोटात एक जीव ठेवून जायचा. पहिला मुलगा अंगावर पीत असतानाच मथुरा पोटात राहिली. दूध आटले. खाऱ्या मातीत गवत नाही, गवत नाही म्हणून गाय नाही, गाय नाही म्हणून वाटीभर दूधही नाही. अकरा महिन्यांचे ते पोर भाताच्या पेजेवर महिनाभर काढू शकले, मग सुतासारखे होऊन गेले. पुढे मथुरा झाली, वाढली, हसू लागली. आणि ती पुरती वर्षाची होते न होते तोच तिची आई पुन्हा तशीच अवघडली, आणि तिच्या तोंडातले दूध पुन्हा तसेच आटू लागले.

“ती चोखायची नि रडायची. चोखायची नि रडायची. मना पयल्याचं तोंड दिसायचं तिच्यात.” नामीबायने सूप हलवले. “मंग खाडीपल्याड एक बाय व्हती. तिचा काढा घेतला. दोन वेलां काय झालं नाय. तू चिवट. तिसऱ्या वेलेला सातवा लागला व्हता. तवा पडलास.”

पडलास. झालास म्हणाली नाही. पडलास.

“चुलतीला ठाव व्हतं,” ती म्हणाली. “म्हनून हसायची.”

हरेश्वराने पुस्तक मिटले. मिटताना त्याचे बोट आत राहिले, आणि ते काढून घ्यायला त्याला फार वेळ लागला.

*

शाप सोसता येतो. शापाला निदान कान असतात, कुणीतरी कुणाला तरी उद्देशून दिलेला असतो. प्रेमाचा घावही सोसता येतो, मिरवता येतो, त्याला चाल लावता येते. पण ज्याच्या येण्याची कुणी वाटच पाहिली नव्हती, ज्याला परत पाठवायला तीनदा दार लावले गेले होते, त्याने कोणत्या पुराणात जाऊन बसावे?

त्याने शोधले. हताशपणे, अधाशासारखे, वाचनालयातली सगळी पुराणे उलथीपालथी करून शोधले. टाकलेली लेकरे होती, नदीत सोडलेली होती, वनात ठेवलेली होती; पण त्या सगळ्यांच्या आया रडत होत्या. एकही आई भिंतीशी बसून काढ्याचा पेला उचलत नव्हती. त्याच्यासाठी एकही नाव नव्हते.

तो लिहायला बसे. ‘मी’ असे लिही. पुढचा शब्द येत नसे. पानावर तो एकाक्षरी ‘मी’ उभा राही, आणि हरेश्वर त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तसा पाहत राही. पान फाटे. दुसरे पान येई. पुन्हा ‘मी’. पुन्हा पांढरे, नुसते पांढरे, मिठाच्या वाफ्यासारखे पांढरे, ज्यात काही रुजत नाही.

त्याने पुण्याला प्रकाशकाला फोन केला. “नवी आवृत्ती थांबवा.”

“का हो? छपाईला गेली.”

“ती कविता खोटी आहे.”

प्रकाशक भला माणूस होता. तो म्हणाला, “हरेश्वरराव, आता लोक ती तुमच्याकडून घेत नाहीत. एकमेकांकडून घेतात. तुम्ही थांबवलीत तरी ती थांबायची नाही.”

त्याच आठवड्यात एक पत्र आले. कुण्या बाईचे, तिचा मुलगा उभा राहू शकत नव्हता. ‘मी स्वतःला दोष देत होते,’ तिने लिहिले होते, ‘तुमची कविता वाचली आणि मला जगावंसं वाटलं.’ हरेश्वराने ते पत्र दहादा वाचले. उत्तर लिहायला घेतले. बाई, मी तुम्हाला फसवले, असे लिहिले. मग ते फाडले. मग लिहिले. मग फाडले. एका खोटेपणावर एक अनोळखी बाई तग धरून होती, आणि त्याच खोटेपणाखालून त्याची स्वतःची भुई सरकली होती. तो तिला खरेही सांगू शकत नव्हता, खोटेही.

त्याने दाढी करणे सोडले. तो आईशी बोलेना. नामीबाय ताट वाढी, ताट निवे, ताट उचले. दोघांच्या मधल्या चार हातांच्या ओटीवर समुद्र पसरला होता, आणि दोघांपैकी कुणालाही पोहता येत नव्हते.

एके दिवशी, सूर्य माथ्यावर असताना, तो कुबड्या घेऊन बाहेर पडला.

*

माध्यान्हीच्या मिठागरात सावली नसते. मीठ ओढणाऱ्या बाया पार पलीकडच्या झोपडीत जेवायला गेलेल्या असतात. वर श्वेत, खाली श्वेत, मधे थरथरणारी हवा. आणि त्या निष्ठुर, नेत्रदाहक, निर्वर्ण विस्तारातून एक माणूस चार पायांनी बांधावरून खाडीकडे निघाला होता, दोन लाकडाच्या आणि दोन नावाच्या.

खाडीला भरती होती. तो कशासाठी निघाला होता हे त्याने स्वतःलाही सांगितले नव्हते. पाणी दिसेपर्यंत जायचे, एवढेच. त्यापुढचे पाणी ठरवील.

पाणी दिसण्याआधीच बांध ढासळला. कुबडी आत गेली, खांदा निसटला, आणि तो घरंगळत वाफ्यात पडला. मिठाच्या पापुद्र्याने गुडघे सोलले, तळवे सोलले, नाकातोंडात कडवट खारे पाणी गेले. वीतभरच पाणी. त्यात मरताही येत नव्हते आणि त्यातून उठताही येत नव्हते. जखमांत मीठ भरले आणि अंगभर आग उसळली. ज्या पायांनी आयुष्यात कधी काही केले नव्हते, ते पाय आता नुसते दुखत होते, सर्वांगाहून जास्त दुखत होते.

त्याने हाक मारली. सूर्याला नाही, कुठल्या देवाला नाही. सात वर्षांच्या पोराने मारावी तशी फाटकी हाक.

“मथुराताय!”

मथुरा त्याच झोपडीत, मिठागरात राबणाऱ्या नवऱ्याला भाकरी द्यायला आली होती. ती धावली. चोपन्नाव्या वर्षात तिला धावणे जमत नव्हते, तरी ती बांधाबांधाने पडत उठत धावली, आणि साडीसकट वाफ्यात उतरली.

“अरे हरी! लागलं का रं? सोड, हात दे.”

त्याने हात दिला नाही. तो ओरडला. ज्या शब्दांचा त्याला पुढे उरलेले आयुष्य विसर पडणार नव्हता ते शब्द तो ओरडला. “तुला जगवायला मला मारत होती ती! कळलं? तुझ्यासाठी! तू दूध पीत होतीस म्हणून!”

वारा नव्हता. शब्द जिथे पडले तिथेच राहिले.

मथुरा त्याच्या शेजारी, त्या खाऱ्या चिखलात, हळूहळू खाली बसली.

“मना ठाव हाय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“दहा वर्सांची व्हते. तुला उचलून शालंत न्यायला मी नाय म्हनलं व्हतं एकदा. मैतरनी हसायच्या. आयेनं मना परसात नेलं नि सांगितलं. म्हनली, तो तुझ्यापायी असा हाय, उचल त्याला.”

हरेश्वर हसला. भयंकर हसला. म्हणजे तेही. ती पाठ, तो मानेचा घामट वास, तो शाळेपर्यंतचा दीड मैल, जगात एकच जागा जिथे आपण ओझे नव्हतो असे त्याला वाटत आले होते, तीही. “म्हणजे तूसुद्धा फेडच करत होतीस.”

मथुरेने ओंजळीने त्याच्या डोळ्यांवरचे खारे पाणी निपटून काढले.

“पयली दोन वर्सं आयेच्या धाकानं,” ती म्हणाली. तिला खोटे बोलता येत नव्हते, तिच्या आईला येत नव्हते तसेच. “मंग तू पाठीवर बसून गोष्टी सांगायला लागलास. वाट सरली तरी गोष्ट सरायची नाय. मी मुद्दाम लांबच्या बांधानं न्यायचे तुला. तुला कलायचं नाय.”

त्याला आठवेना, कोणत्या गोष्टी. राजाच्या, माशांच्या, बोलणाऱ्या खेकड्याच्या, कसल्यातरी. केणी गुरुजींच्या त्या दिवसाच्याही आधी, अरुणाच्याही आधी, एक पोरगा बहिणीच्या पाठीवर बसून काहीबाही रचत होता. त्या पोराला नाव नव्हते. त्याला कुणाचा अवतार व्हायची गरज पडली नव्हती. हरेश्वर त्याचा चेहरा आठवू पाहत होता आणि तो चेहरा येत नव्हता, काही केल्या येत नव्हता. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःसाठी रडू फुटले.

मथुरेने पाठ वळवली. “चल,” ती म्हणाली.

तो तिच्या पाठीवर चढला.

*

पुढचे सांगून टाकायचे तर, तो पुन्हा सभांना गेला नाही. आवृत्ती निघाली, खपली. ती कविता आजही कुणीतरी कुठेतरी गात असेल. ‘अनूरु’ ही सही त्याने सोडली, आणि दुसरी कुठली सही त्याच्या हाताला कधी सापडली नाही. त्या बाईच्या पत्राला त्याने अखेर उत्तर लिहिले. मुलाचे नाव काय, त्याला काय आवडते, एवढेच विचारले. तिचे उत्तर आले, त्यावर त्याचे गेले. पण ‘मी’च्या पुढचा शब्द त्याला कवितेत मिळाला का, याचा कागदोपत्री काही पुरावा नाही. पुष्कळ पाने कोरी आहेत. थोडी फाटलेली आहेत.

त्या दुपारी मात्र मथुरेने त्याला ओटीवर आणून ठेवले, आणि नामीबायने त्याचे गुडघे पाहिले.

ती भिंतीला धरून आत गेली आणि हंडा ओढत बाहेर आली. खारकोंडला गोडे पाणी टँकरने येते, चौथ्या दिवशी, माणशी दोन हंडे.

“आये, प्यायचं हाय ते,” मथुरा म्हणाली.

नामीबायने तांब्या बुडवला आणि लेकाच्या सोललेल्या पायांवर धार धरली.

मीठ सुटू लागले. हरेश्वराने दात आवळले. दुसरा तांब्या, तिसरा. आणि त्या धारेकडे पाहता पाहता, जो प्रश्न विचारायची त्याची छाती नव्हती, तो त्याच्या तोंडून आपोआप गळाला.

“आये, मी झालो तेव्हा तू मला पाहिलंस?”

“नाय.”

धार थांबली नाही.

“सुईनीनं सुपात ठेवला व्हता तुला, दाराशी. म्हनली, नाय टिकायचा. मी भिंतीकडं तोंड करून निजले. दूध उतरलं. ते मी हिला पाजलं.” तिने मथुरेकडे पाहिलेही नाही. दारात मथुरेने चौकट धरली. “तीन दिस. तू किरकिरायचास, मी कान झाकायचे. तिसऱ्या दिशी तुजा आवाज थांबला. मना वाटलं, सुटलास. पुरायला न्यायच्या आधी तोंड तरी बघावं म्हनून उठले.”

“मग?”

“जागा व्हतास. गप पडून माझ्याकडं बघत व्हतास.”

तांब्यातले पाणी हिंदकळून तिच्याच पायांवर सांडत होते, भेगांत शिरत होते.

“मग, आये?”

“मंग काय. उचलला.”

त्याने आईकडे पाहिले. तिने त्याच्याकडे पाहिले. त्या दोन चेहऱ्यांना त्या घटकेला कुठलेही जुने नाव नव्हते. एक म्हातारी होती, एक प्रौढ पांगळा माणूस होता, आणि मधे क्षमा म्हणावे असे काही नव्हते, शाप म्हणावे असेही काही नव्हते. तिने पुन्हा तांब्या बुडवला.

पाणी नडग्यांवरून ओघळले, बोटांच्या फटींतून उतरले, ओटीच्या कडेवरून अंगणात पडले. तापलेल्या मातीने त्यातले पुष्कळ पिऊन टाकले. तरी एक बारीक, बोटाएवढी धार उरली. ती अंगणाच्या उतारावरून वळत, खड्यांना वळसे घालत, कुंपणाखालून निघाली. आणि अगदी पहिल्या वाफ्याच्या काठाशी येऊन, क्षणभर थबकून, गोडे पाणी खाऱ्यात उतरले, उतरत राहिले, उतरत राहिले.